गावनिहाय मृत्यूंचे आकडे: गोपनीयता कुठे खरी, कुठे सबब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात तुमचं गाव. गेल्या दहा वर्षांत गावात श्वसनाच्या आजारांनी किती माणसं गेली, हे वाडा, वय आणि कामधंदा अशा फोडीसह तुम्हाला ग्रामसभेत मांडायचं आहे. माहिती हक्काचा अर्ज केलात. उत्तर आलं, ‘माहिती गोपनीय आहे’, आणि सोबत तालुक्याच्या एकूण मृत्यूंचा एक कागद. आता तुम्ही विचारताय, लोकांच्या पैशांनी गोळा केलेली आकडेवारी लोकांपासूनच लपवायचा अधिकार यांना दिला कुणी?

तुमचा राग मला पटतो, अर्ज पटत नाही. गोव्यात सर्वेक्षणं आणि नोंदणीची आकडेवारी याच कामात माझी नोकरी गेली. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही तो जसाच्या तसा मंजूर केला नसता. पण तालुक्याचा एक आकडा हातावर टेकवून तुम्हाला परतही पाठवलं नसतं. या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे आणि तुमचं काम तिथेच होण्यासारखं आहे. एक गोष्ट मात्र तुम्ही सांगितलेली नाही: नकार देताना कार्यालयाने कुठलं कलम लिहिलं? निम्मं उत्तर त्यावर अवलंबून आहे. कलमच लिहिलं नसेल, नुसतंच ‘गोपनीय’ असेल, तर तो नकार अपिलात टिकणं कठीण.

कारण ‘सरकारी आकडेवारी गोपनीय’ असा सरसकट कायदा कुठेच नाही. माहिती कुठल्या कायद्याखाली गोळा झाली त्यावर ठरतं. जनगणनेचं बंधन सगळ्यांत कडक. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे गणनेच्या नोंदवह्या पाहण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि त्यातली नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. २०२७ च्या जनगणनेत लोकांना हवं तर स्वतःची माहिती ऑनलाइन स्वतः भरता येईल, जातीचीही नोंद होईल. हे कलम तरीही लागू आहेच. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीसारख्या कामांना २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा लागतो. त्याचं कलम ९ सांगतं की मिळालेली माहिती फक्त सांख्यिकीसाठी वापरायची आणि माहिती देणारा ओळखू येईल अशा रीतीने छापायची नाही.

तुमचा विषय या दोन्हींत बसत नाही. मृत्यूची नोंद होते १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली, आणि तिथली तरतूद मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. मृत्यू झाला ही गोष्ट लपवायची नाही. कुणीही शोध घ्यायला लावून दाखला मागू शकतो. पण कलम १७ प्रमाणे कुणालाही दिलेल्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करता येत नाही. घरच्यांना मिळणाऱ्या दाखल्यावरही कारण नसतं ते यामुळेच.

मृत्यूच्या सूचनेचा नमुना क्रमांक २ कधी मिळाला तर नीट पाहा. त्याचे दोन भाग असतात, कायदेशीर आणि सांख्यिकी. कायदेशीर भागात नाव, तारीख, वय, ठिकाण, माहिती कुणी दिली वगैरे. तो नोंदणी करणाऱ्याकडे राहतो, गावात म्हणजे पंचायत सचिवाकडे. सांख्यिकी भागात नेहमीचं राहण्याचं ठिकाण, व्यवसाय, शेवटच्या आजारपणात डॉक्टर होता का, आजाराचं नाव, आणि बिडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी, दारू यांच्या सवयी किती वर्षांच्या, इतकं सगळं विचारलेलं असतं. हा भाग वेगळा काढून वर पाठवायचा, त्याचे तक्ते करायचे, अशी ती रचना. गोव्यात नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाकडे मुख्य निबंधकाचं काम आहे, म्हणून तक्ते तिथे होतात. तुम्ही मागितलेली जवळपास प्रत्येक गोष्ट या दुसऱ्या भागातली आहे. ती तुम्हाला एकेका माणसाची म्हणून मिळणार नाही, मिळूही नये. तक्ता म्हणून मात्र मिळायला हवी, कारण ती गोळा करण्याचा हेतूच तो आहे.

‘मिळूही नये’ असं मी का म्हणतो? गोपनीयता ही सरकारची मालमत्ता आहे असा समज दोन्ही बाजूंना असतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाला वाटतं ती आपली ढाल, अलीकडच्या नागरिकाला वाटतं ती त्याची सबब. प्रत्यक्षात ती माहिती देणाऱ्याला दिलेला शब्द असतो. सत्तरी तालुक्यात एखाद्या घरी जमिनीची नि कर्जाची पाहणी करायला गेलं की पहिला प्रश्न आपण विचारत नाही, ते विचारतात: ‘हे मामलेदाराकडे जाणार काय?’ घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत; मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, म्हणून नोंद अजून अर्धवट. घरात कोण, कधीपासून राहतं हे बोललो तर दावा बिघडेल ही भीती. बार्देशात किंवा सासष्टीत वेगळी गत. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला असतो, आणि तो ‘कामाला बाहेर’ आहे यापुढे आई एक शब्द बोलत नाही, कारण मतदार यादीतलं नाव, घरावरचा हक्क, सगळंच तिच्या मनात एकमेकांत गुंतलेलं असतं. अशा ओसरीवर बसून ‘तुमच्या नावाने हे कुठेही जाणार नाही’ म्हटल्यावर ती माणसं बोलतात. हा शब्द एकदा मोडला की पुढच्या फेरीला दार उघडत नाही, किंवा उघडतं आणि उत्तरं गोड येतात.

मृत्यूच्या कारणाचं तर याहून नाजूक. क्षयरोग, एचआयव्ही, आत्महत्या, दारूने गेलेलं यकृत. हे पंचायतीच्या फळ्यावर येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी डॉक्टरवर दबाव येतो की ‘साहेब, हार्ट अटॅक लिहा’. म्हणजे आज तुम्ही हट्टाने वाडानिहाय यादी मिळवलीत, तर पाच वर्षांनी तुमच्या मुलाला जो तक्ता मिळेल त्यात सगळे हृदयविकारानेच गेलेले असतील.

आता गोव्याचा आकार. २०११ च्या जनगणनेत आपण १४,५८,५४५ माणसं. मुंबईच्या एखाद-दुसऱ्या उपनगरात मावतील एवढी. त्यांत पंचायती १९१, आणि प्रत्येक पंचायतीत वाडे. इथे माहितीतून माणूस हुडकायला हॅकर लागत नाही, शेजारी पुरतो. ‘वाडा अमुक, स्त्री, वय ८५ च्या वर, निवृत्त शिक्षिका’ असं लिहिल्यावर नाव छापलं काय आणि न छापलं काय! नाव-पत्ता गाळला की माहिती निनावी झाली, हा गैरसमज मोठमोठ्या ठिकाणी झालेला आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयाच्या नोंदी नावं गाळून अभ्यासासाठी दिल्या गेल्या. लतान्या स्वीनी या संशोधिकेने त्या मतदार यादीशी ताडून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड, एवढ्यावर काम झालं. आपली मतदार यादी सर्वांना पाहता येते: नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक. जमिनीचा एक-चौदाचा उताराही ऑनलाइन दिसतो. जुळवाजुळवीचं साहित्य आपल्याकडे तयारच आहे.

म्हणून लहान आकडे झाकतात. आणि इथे एक गंमत आहे, जी अर्जदाराला कुणी समजावून सांगत नाही. समजा तालुक्यातल्या चार पंचायतींचा एका आजाराचा तक्ता आहे: पहिलीत १२, दुसरीत ९, तिसरीत १८, चौथीत २. दोनचा आकडा झाकला आणि खाली एकूण ४१ लिहिलं. झाकलं काय? कुणीही ४१ मधून ३९ वजा करील. म्हणून आणखी एक रकाना झाकावा लागतो, मग तो ९ वर जातो, आणि ९ वाली पंचायत ओरडते की आमचा आकडा मोठा असून का लपवला. यात लबाडी नसते, वजाबाकी असते. पुढे दुसऱ्या कुणी दुसऱ्या कार्यालयाकडून तोच तक्ता वेगळ्या वयोगटात मागितला, १५ ते ५९ ऐवजी १५ ते ६४, की दोन्ही कागद शेजारी ठेवून ६० ते ६४ या मधल्या पाच वर्षांचा आकडा उघडा पडतो. कार्यालय एकेका अर्जाचं उत्तर देतं. माहिती मात्र सगळ्या अर्जांच्या बेरजेतून फुटते.

लहान आकडा म्हणजेच धोका, असंही मात्र नाही. एखाद्या वाड्यावर नऊ घरं आहेत आणि नऊच्या नऊ कर्जात आहेत. आकडा नऊ आहे, लहान नाही. पण त्या वाड्यावरच्या प्रत्येक घराची गोष्ट उघडी पडली. उद्योगांचं आणखी निराळं. एका तालुक्यात एका प्रकारचे दोनच कारखाने असतील तर दोघांची बेरीज छापणं म्हणजे एकाचा हिशेब दुसऱ्याला देणं, कारण स्वतःचा आकडा वजा करायला प्रत्येकाला येतं. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीच्या तक्त्यांत ‘इतर’ नावाचा एक रकाना दिसतो. तीनपेक्षा कमी कारखाने असलेले उद्योग त्यात एकत्र करायची रीत आहे ती याचसाठी. तीन असूनही एकच कारखाना नव्वद टक्के उलाढाल करत असेल तर तीनचा नियमही तोकडा पडतो. गोव्याच्या छोट्या तालुक्यांत अशी परिस्थिती नेहमीची.

इथवर मी कार्यालयाची बाजू मांडली. आता तुमची.

माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असं होतं की जो आकडा माणसाला उघडं पाडण्याइतका लहान असतो, तो काही सिद्ध करायलाही लहानच असतो. तुमचं गाव २,००० वस्तीचं धरू. हजारी सात-आठ मृत्यू धरले तर वर्षाला चौदा ते सोळा. त्यांत श्वसनाचे समजा सरासरी दोन. जिथे सरासरी दोन असते तिथे निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी शून्य येतात, एखाद्या वर्षी पाच. तुम्ही पाचचं वर्ष घेऊन ग्रामसभेत उभे राहिलात तर समोरची बाजू शून्याचं वर्ष दाखवील, आणि दोघंही खरं बोलत असाल. हेच वाड्यावर उतरवलंत, त्यात वय आणि धंदा घातलात, तर तक्त्यातले बहुतेक रकाने शून्य आणि एक यांनी भरतील. त्यातून ‘कोण’ ते कळेल, ‘का’ ते कळणार नाही. उलट पाच-सहा पंचायतींचा पट्टा एकत्र केला आणि दहा वर्षं एकत्र केली, की जिथे शंभर अपेक्षित होते तिथे दीडशे आले तर तो योगायोग म्हणून उडवून लावता येत नाही. शिवाय त्या दीडशेत कुणाचाही बाप, कुणाचीही आई ओळखू येत नाही. तुमच्या कामापुरती गोपनीयता आणि उघडपणा एकाच तक्त्यात बसतात, तक्ता वेगळा आखला तर.

तो आखण्याआधी तीन अडचणी समजून घ्या. ग्रामसभेत तुम्हाला गोत्यात आणतील त्या याच.

पहिली, नोंद कुठे होते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू घडला तिथे होते, माणूस जिथला तिथे नव्हे. तुमच्या गावचा दम्याचा रुग्ण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दगावला तर तुमच्या पंचायतीच्या वहीत तो नाहीच. पंचायतीची वही धरून मोजलंत तर गावात घरी गेलेली म्हातारी माणसं तेवढी सापडतील आणि गंभीर आजारी सगळे बांबोळीच्या खात्यावर जातील. म्हणून अर्जात ‘मृताच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणानुसार’ हे शब्द हवेतच. तुम्ही ते घातले नव्हते.

दुसरी अडचण कारणाची. देशाच्या पातळीवर २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. गोवा यात पुष्कळ पुढे आहे, हे आपलं नशीब. पण डॉक्टरने लिहिलं म्हणजे नीट लिहिलं असं नाही. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ हे शब्द मी इतक्या दाखल्यांवर पाहिलेत की विचारू नका. हृदय आणि श्वास बंद पडणं म्हणजे मरणंच की. ते कारण कसलं? दाखल्यावर तात्काळ कारण आणि त्यामागचं मूळ कारण वेगवेगळ्या ओळींत लिहायचं असतं, आणि तक्ता मूळ कारणावर व्हायला हवा. ‘श्वसनाने मेले’ एवढंच मागितलंत तर हे सगळे अरेस्टवाले त्यात शिरतील, आकडा फुगेल, आणि खाणवाल्यांचा वकील तो पाच मिनिटांत फोडील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: दहा वर्षं कुठली? गोव्यातलं खाणकाम २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात थांबलं. मध्ये काही खाणी सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा ठप्प झालं. म्हणजे ‘गेली दहा वर्षं’ म्हणून तुम्ही मागताय त्यातला मोठा काळ खाणी बंद असण्याचा आहे. त्यात भर कोविडची. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत (आयसीडी-१०) त्या आजाराला संकेतांक स्वतंत्र आहे, पण २०२० आणि २०२१ मधल्या श्वसनाच्या मृत्यूंवर त्याची छाया पडलेली असणारच. तुम्हाला हवी ती तुलना २०१२ पर्यंतची दहा वर्षं आणि त्यानंतर २०१९ पर्यंतची वर्षं अशी आहे. फुप्फुसाचे आजार खाण बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जात नाहीत, त्यामुळे फरक दिसला नाही तर धूळ निर्दोष ठरत नाही, हेही ध्यानात असू द्या. जुन्या वर्षांच्या नोंदी आजारांच्या संकेतांकासह संगणकात आहेत की नाहीत, हे कार्यालयाकडून आधी विचारून घ्यावं लागेल. त्यावर बरंच ठरेल.

मग गोपनीयता सबब कधी असते? मी स्वतःला एक प्रश्न विचारत असे: हा आकडा दिल्याने नेमकं कोण उघडं पडतं? उत्तर ‘अमुक घर’, ‘अमुक बाई’, ‘अमुक कारखाना’ असं आलं तर थांबायचं आणि तक्ता बदलायचा. उत्तर ‘खातं’, ‘मंत्री’, ‘आपलं काम’ असं आलं तर तो गोपनीयतेचा विषयच नाही. पट्ट्याचा दहा वर्षांचा एकत्रित आकडा नाकारला तर त्यात संरक्षण कुणाचं? कुणाचंच नाही. संयुक्त राष्ट्रांची अधिकृत सांख्यिकीची दहा मूलतत्त्वं भारताच्या मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये स्वीकारली. त्यांतलं सहावं व्यक्तीच्या माहितीच्या गोपनीयतेचं आहे, हे कार्यालयांना पाठ असतं. पहिलंच तत्त्व नागरिकांना आकडेवारी निःपक्षपणे उपलब्ध करून देण्याचं आहे, ते अपिलात लिहायला विसरू नका.

आणि देण्याच्या पद्धती नाहीत असंही नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घरागणिक माहिती ओळख काढून केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय खुली करतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नमुना-वस्तीचं नकाशावरचं ठिकाण अभ्यासकांना देताना मुद्दाम सरकवतात: शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ पर्यंत, क्वचित १० पर्यंत. आता गोव्यात ५ किलोमीटर सरकवलं की माणूस तिसऱ्याच पंचायतीत जाऊन पडतो, त्यामुळे गावपातळीच्या प्रश्नाला ही माहिती निरुपयोगी. जिल्ह्यासाठी ठीक. तुम्ही ‘ती माहिती मिळते मग ही का नाही’ असं विचारलंत, त्याचं उत्तर हे: ती नमुन्याची आहे, त्यात तुमचं गाव असेलच असं नाही आणि असलं तरी ओळखू येत नाही. मृत्यूची नोंद शंभर टक्के लोकांची असते. गावातला कोण त्यात आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

एक रस्ता मात्र तुम्ही पाहिलेलाच नाही, आणि माझ्या मते तो जास्त जवळचा आहे. तुम्हाला मुळात खाणीच्या धुळीबद्दल बोलायचंय ना? मग माणसांच्या मृत्यूंच्या आधी खाणीचे कागद मागा. नियामकाकडे असलेली माहिती सांख्यिकी म्हणून गोळा झालेली नसते, ती परवान्याच्या अटी म्हणून द्यावी लागते, आणि तिला वरची कुठलीच गोपनीयता लागू नाही. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यमापन अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पचालकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो, आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत असं अधिसूचनेतच लिहिलंय. हवेतल्या धुळीची मोजणी, पाणी मारणं, ट्रकांवर ताडपत्री, सगळं त्यात यायला हवं. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं आणि तपासणीच्या नोंदी वेगळ्या मागा. एकच खाण, एकाच कंपनीचं नाव, तरी इथे ‘ओळख उघड होते’ हा आक्षेप चालत नाही. ओळख उघड व्हावी म्हणूनच ती व्यवस्था आहे. लोक सांख्यिकी कार्यालयाशी भांडत बसतात आणि हे कागद धूळ खात पडलेले असतात.

माहिती हक्काबद्दल एक सावधगिरी. २००५ च्या कायद्याचं कलम ८(१)(जे), म्हणजे वैयक्तिक माहितीचं कलम, आता बदललंय. पूर्वी त्यातच ‘व्यापक जनहित’ असेल तर माहिती द्यावी अशी सोय होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती त्या कलमातून काढली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू आहे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हणून नकार द्यायचा मोह वाढणार, हे मला स्पष्ट दिसतंय, आणि हा बदल मला आवडलेला नाही. पण दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. कलम ८(२) शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर अपवादात बसणारी माहितीही देता येते. आणि ज्यातून कुणीच ओळखू येत नाही असा एकत्रित आकडा मुळात वैयक्तिक माहितीच नाही. कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला देता येतो, तेही लिहा.

खरा अडसर वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलंय की कार्यालयाकडे नसलेली माहिती जुळवून, नवा तक्ता बनवून द्यायचं बंधन माहिती हक्काखाली नाही. म्हणजे तुमचा आखीव तक्ता ‘तयार नाही’ म्हणून नाकारला जाऊ शकतो. म्हणून दोन पावलांत जा. आधी कलम ४(१)(बी) चा आधार घेऊन मृत्यूच्या कारणांचे कुठले तक्ते, कुठल्या वर्षांचे, कुठल्या पातळीपर्यंत कार्यालयाकडे आहेत याची यादी मागा. मग माहिती हक्काचा अर्ज नव्हे, तर संचालकांना साधी विनंती, ग्रामसभेचा ठराव जोडून. ग्रामसभेचा ठराव असला की फाईल वेगळ्या टेबलावर जाते, हे सांगायला मला कुठलं कलम लागत नाही. जमलं तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या जनआरोग्य विभागातला एखादा प्राध्यापक सोबत घ्या. नीतिसमितीची मंजुरी घेऊन त्यांना ओळख काढलेल्या नोंदींवर काम करता येतं, आणि वयाच्या रचनेचा हिशेबही ते करतील. तरुण आखाताला आणि बोटीवर गेलेल्या गावात मागे म्हातारेच उरतात. वय न धरता तुलना केली तर तिथे प्रत्येक आजार जास्तच दिसणार.

विनंतीचा मजकूर साधारण असा ठेवा, पंचायतींची नावं तुमची तुम्ही घाला:

‘मृताच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणानुसार, खालील सहा पंचायती मिळून एक क्षेत्र धरून, २००३ ते २०१२ आणि २०१३ ते २०१९ या दोन कालखंडांसाठी एकूण मृत्यू, आणि त्यांपैकी मूळ कारण श्वसनसंस्थेचा आजार असलेले मृत्यू (आयसीडी-१० मधले ‘J’ अक्षराच्या मालिकेतले संकेतांक), ६० वर्षांखालील आणि ६० व त्यावरील अशा दोन गटांत द्यावेत. तुलनेसाठी हेच आकडे खाणकाम नसलेल्या एका तालुक्यासाठी द्यावेत. कारण “हृदय-श्वसनक्रिया बंद” एवढंच लिहिलेले मृत्यू वेगळे दाखवावेत. कुठल्याही रकान्यात संख्या पाचपेक्षा कमी असल्यास “पाचपेक्षा कमी” असं लिहावं. नाव, वाडा, व्यवसाय यांपैकी काहीही नको.’

शेवटचं वाक्य गाळू नका. समोरच्या अधिकाऱ्याची अर्धी भीती त्याने जाते, आणि नकार द्यायचा झालाच तर त्याला नवं कारण शोधावं लागतं.

आधीच्या नकाराबद्दल: तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्याचं उत्तर पटलं नाही तर ९० दिवसांत गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अपिलात वाडानिहाय यादीचा हट्ट सोडल्याचं स्पष्ट लिहा आणि वरचा तक्ता जोडा. मुदत उलटून गेली असेल तर अपिलाच्या मागे न लागता थेट उपलब्ध तक्त्यांच्या यादीसाठी नवा अर्ज करा. उत्तर आलं की कलमासकट इथे टाका, मग त्या कलमावर बोलू.